चौकशीमामा आणि माझी बारावी

चौकशीमामा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत, आणि पाणी पिऊन होईपर्यंत तोंडातून अक्षर काढत नसत. पाणी तरी किती सावकाश प्यावं माणसानं! एक घोट, मग ग्लासात डोकावणं, मग छताकडे बघणं, मग दुसरा घोट. समोरचा माणूस आधी हसून बघायचा, मग घसा खाकरायचा, मग सोयाबीनच्या भावावर बोलायचा, आणि ग्लास अर्ध्यावर येईस्तोवर न विचारलेलं सगळं सांगून मोकळा व्हायचा. "आपुन गप बसलो की समोरच्याला गप बसवत न्हाई," मामा म्हणायचे. "काठी कशाला लागती? गिलासभर पान्यात काम होतंय."

काठीचं ते उगाच म्हणत नसत. मामा पोलिसात हवालदार होते आणि नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी पासपोर्टच्या पडताळणीत काढली होती. दुबईला निघालेली पोरं, मुलाकडे अमेरिकेत चाललेले आईबाप, अशांच्या घरी जाऊन हा माणूस खरोखर इथेच राहतो का, कसा आहे, हे बघून यायचं. या कामाला ते तस्दीक म्हणत. निजामाच्या वेळचा शब्द, खात्यातल्या जुन्या लोकांच्या तोंडी राहिलेला. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या कामात चुका काढायला लागले, तेव्हा मामींनीच त्यांना बाहेर काढलं, असं ते स्वतःच सांगत. लातूरच्या एमआयडीसीत डाळीचे आणि तेलाचे नमुने तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे. तिच्या मालकांना त्याआधी एका बनावट डिग्रीवाल्यानं चांगलाच हात दाखवला होता. त्यांनी मामांना नोकरीला येणाऱ्यांच्या चौकशीसाठी ठेवून घेतलं आणि मामांचं आडनाव हळूहळू सगळे विसरून गेले.

त्याच प्रयोगशाळेची मी आज प्रमुख आहे. नांदेडच्या ज्या कॉलेजात मी शिकले तिथं मला अधूनमधून चार शब्द सांगायला बोलावतात. मी माझे चार शब्द सांगते, मुलं जांभया आवरतात, आणि शेवटी मागच्या बाकावरचा कुणीतरी उठून हमखास विचारतो, "मॅडम, कंपनीवाले खरंच डिग्री तपासतात का?" सगळा वर्ग तेव्हा कुठं जागा होतो. मी खरं ते सांगते. काही जण तपासतात, काही जण झेरॉक्स फाईलला लावून विसरून जातात. मोठ्या कंपन्या दुसऱ्या एजन्सीला काम देतात, ती विद्यापीठाला विचारते, विद्यापीठ सवडीनं उत्तर देतं. एवढ्यावर मुलांचं समाधान होतं. माझी डिग्री कशी तपासली गेली ते मात्र मी तिथं सांगत नाही, कारण त्याला तासाभराचं भाषण पुरणार नाही.

मामांकडे स्कूटर होती, पण चौकशीला ते ती कधी नेत नसत. एसटीनं किंवा काळीपिवळी जीपनं जात. किल्लारीकडे जायचं असो की देगलूरकडे, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, गुडघ्यावर कुणाचं तरी लेकरू घेऊन. "स्कूटरीवरून उतारला तर साहेब. जीपातून उतारला तर पाव्हना," हा त्यांचा हिशोब होता. पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर धुतलेला पंचा. हातात पिशवी, पिशवीत केळी. कोण, कशासाठी आलो, हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. नोकरीची चौकशी म्हटलं की शेजारी कौतुक करतात, पोलिस म्हटलं की दार लावतात. म्हणून "सहज आलतो" एवढंच.

कागदाविषयी त्यांचं मत वाईट नव्हतं, पण कागदावर ते थांबत नसत. एकदा मुरुडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला एक मुलगा आला. गुणपत्रिका, दाखला, सगळं जिथल्या तिथं. मामांनी त्याला चहा पाजला आणि गप्पांच्या ओघात विचारलं, "मुरुडचा बाजार कोन्या वारी असतो रे?" मुलगा बघतच राहिला. तीन वर्षं ज्या गावात शिकला त्या गावचा आठवडी बाजार त्याला ठाऊक नव्हता. बाजाराच्या दिवशी आपल्याकडच्या कॉलेजात निम्मा वर्ग रिकामा असतो, हे कुणाला सांगायला नको. शेवटी पोरगं कबूल झालं. प्रवेश मुरुडला घेतला होता, राहायला लातुरात होता, स्पर्धा परीक्षेचे क्लास करत होता. परीक्षेपुरता मुरुडला जायचा, पास मात्र स्वतःच झाला होता. मामांनी मालकांना सांगितलं, "डिग्री खरी हाय, कॉलेज खोटं हाय. घेयाचं तर घ्या, पन चार दिवस हाताला धरून शिकवावं लागंल." मालकांनी घेतलं. तो आजही आमच्याकडे आहे आणि चांगलं काम करतो.

पूर्ण खोटा कागद घेऊन आलेल्याशीही ते तुसडेपणानं वागत नसत. परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठाचं, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र घेऊन एक जण आला होता. मामांनी त्या विद्यापीठाला फोन लावला, तर तो एका मंगल कार्यालयात लागला. मामांनी प्रमाणपत्र जपून पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाबा, छपाई देखनी हाय. घरी ठेव, भायेर काढू नको." पोराचा चेहरा पडला. मामा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि रात्रशाळेतून, मुक्त विद्यापीठातून काय काय करता येतं ते बराच वेळ समजावत उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. त्या दिवशी आम्हाला अहवालांची घाई होती आणि मामा जागेवर नाहीत म्हणून मालक चिडले होते, ते वेगळं.

आता माझं सांगते.

माझं गाव नायगावजवळ. घरची शेती, पाण्याची, बऱ्यापैकी. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बी.एस्सी. झाले तेव्हा दादांनी गावात पेढे वाटले होते. मारुतीच्या पारावर बसलेल्यांना स्वतः उठून नेऊन दिले होते. मग मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात आले, आणि त्या निकालाला दादा नुसतं "बरं झालं" म्हणाले. मला वाटलं, त्यांना पेरणीची घाई असेल.

लातूरच्या प्रयोगशाळेत मुलाखत दिली. मालकांना मी पसंत पडले असावे. विद्यापीठाकडे डिग्रीची विचारणा गेली होती, पण तिचं उत्तर कधी येईल हे विद्यापीठालाही सांगता आलं नसतं. नमुने पडून होते आणि माझ्याशिवाय आणखी एक उमेदवार रांगेत होता. मालक म्हणाले, "आमचे मामा गावाकडं जाऊन येतील. ते हो म्हणले की तुम्ही या. नाही म्हणले तर दुसऱ्याला बोलावतो." मी लातुरात मावशीकडे राहिले होते. मला काळजीचं कारणच दिसत नव्हतं. डिग्री माझी, मेहनत माझी, गाव माझं.

पुढचं मी मामांकडून आणि मायकडून, दोघांकडूनही ऐकलं आहे. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की माय म्हणते पाहुण्यांनी दोनदा पोहे घेतले आणि मामा म्हणत एकदाच.

मामा जीपमधून उतरले. टोपी, पंचा, हातात केळ्यांची पिशवी. पारावर माझं घर विचारलं आणि जाता जाता "पोरगी कशी हाय हो?" असंही विचारून घेतलं. झालं. सगळ्या गावानं ओळखलं की स्थळाकडचा माणूस चौकशीला आला आहे. ते घरी पोचायच्या आत मागच्या दारानं बातमी घरी पोचली होती. मायनं कांदे चिरायला घेतले आणि दादांनी धुतलेला सदरा अंगात घातला.

"पाव्हनं कुनीकडचं?" दादांनी विचारलं.

"लातूरचं," एवढं बोलून मामांनी पाणी मागितलं.

घासलेल्या ग्लासात, ताटलीवर ठेवून पाणी आलं. मामांनी पहिला घोट घेतला, ग्लासात डोकावले, छताकडे पाहिलं. दादांना शांतता सहन होईना. ते सांगू लागले, पोरगी गरीब आहे, कधी उलटून बोलत नाही. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्याच होत्या. "तोंडातून शबुद निगत न्हाई तिच्या," त्यांनी जोड दिली. "अन् भाकरी अशी करती की बगत ऱ्हावं." माझ्या हाताच्या भाकरीला आमच्या घरी कुत्रंही तोंड लावत नाही. पण काकू मनानं चांगल्या.

मग दादा म्हणाले, "शिक्षन म्हनाल तर, बारावी झालंय. मंग बसवली घरी. शिवनकाम येतंय."

इतक्या वर्षांच्या तस्दिकीत मामांना पाणी पिताना कधी ठसका लागला नव्हता. तो त्या दिवशी लागला. दादांनी त्यांची पाठ चोळली आणि हलकेच विचारलं, "पोरगा काय करतो?" तेव्हा कुठं मामांच्या लक्षात आलं की आपण इथं कोण आहोत. आपल्या नियमाप्रमाणे त्यांनी काही उलगडा केला नाही. "ते बगू निवांत," म्हणाले आणि पोहे खाल्ले. नंतर मी यावरून त्यांना चिडवत असे, तर ते मोठ्या गंभीरपणे म्हणत, "खोटं कुटं बोललो? बगू म्हनलो."

दुसऱ्या दिवशी मालकांना त्यांनी जो अहवाल दिला तो आमच्या प्रयोगशाळेत अजून सांगितला जातो. "स्वभाव गरीब. सैपाक झकास. शिवनकाम येतंय. शिक्षन बारावी."

मालक म्हणाले, "मामा, तुम्ही नेमकं कुठं जाऊन आलात?"

मग मालकांचा चेहरा बदलला. पुन्हा एक बनावट डिग्री, असंच त्यांना वाटलं. खुद्द बाप सांगतोय बारावी, आणखी काय पुरावा पाहिजे? त्या दुसऱ्या उमेदवाराला फोन लावायला त्यांनी हातात फोन घेतलाही होता. पण मामांचा एक नियम होता. हो म्हणायचं असेल तर माणूस समोर नसला तरी चालेल, नाही म्हणायचं असेल तर त्याला समोर बसवून म्हणायचं. त्यांनी मालकांकडून एक दिवस मागून घेतला आणि मला निरोप धाडला.

मी गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि गप्प बसले. ही त्यांची रीत मला तेव्हा ठाऊक नव्हती. मी आपली नोकरी मिळाल्याच्या आनंदात कधीपासून येऊ, कुठं बसू, असलं काहीबाही बोलत सुटले. ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, तुमचे वडील म्हनले, पोरगी बारावी हाय."

मी आधी हसले. मग त्यांनी सदरा, पोहे, "पोरगा काय करतो" हे सगळं सांगितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या वर्षी मुरुडचं एक स्थळ येऊन गेलं होतं. पोरगा बारावी, जमीन भरपूर, ट्रॅक्टर दारात. पसंती झाली, आणि मग माझं शिक्षण कळल्यावर त्यांनी नाही कळवलं. लई शिकल्याली सून घरात काय करणार, म्हणाले. त्यावर मी मनातून खूश झाले होते. दादांनी मात्र त्याचा धसका घेतला असणार. स्वतःच्या हातानं वाटलेले पेढे विसरून ते आता आल्यागेल्याला मला बारावी पास म्हणून दाखवत होते.

मला रडू आलं. नोकरी जाईल म्हणून नव्हे. नायगावच्या स्टँडवर पहाटे मला नांदेडच्या एसटीत बसवून, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहणारा माझा बाप. त्या सगळ्या पहाटा त्यानं एका वाक्यात पुसून टाकल्या होत्या, तेही एका परक्या माणसासमोर. मी म्हणाले, "मी आजच गावाकडं जाते आणि विचारते त्यांना."

"आजाबात न्हाई," मामा म्हणाले. त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. मग आवाज उतरवून म्हणाले, "मोठं खोटं सांगनारे लई बगितले, ताई. पोरगा पास न्हाई, तर इंजिनेर सांगतेत. ल्हान खोटं सांगनारा ह्यो पयलाच बाप. तुमी भांडलात, तर तो हो म्हनंल. पन ते तुमच्या भांडनाला हो म्हनंल. ज्यानं बोललं त्येलाच त्येचा शबुद फिरवू द्या. टाईम लागंल."

"आणि माझी नोकरी?"

"त्येचं बगतो उद्या."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामा नांदेडला गेले. संध्याकाळी परत आले ते हसतच. आमच्या विभागातल्या मॅडमना ते भेटले होते. माझं नाव काढताच मॅडमनी कपाटाकडे हात करून सांगितलं होतं, की या मुलीनं दोन वर्षांत इथल्या जेवढ्या काचेच्या नळ्या फोडल्या तेवढ्या कुणी फोडल्या नसतील, आणि तरी ती पहिल्या वर्गात आली. मामांनी मालकांना सांगितलं, "जिनं एवढं फोडलं ती तिथंच शिकली असनार. एम.एस्सी. खरी. बाप बी खरा हाय, नुस्ता घाबरलाय." विद्यापीठाचं उत्तर यथावकाश आलं, तेव्हा मी कामात पुरती रुळले होते आणि प्रयोगशाळेतल्या काही नळ्याही माझ्या हातून गेल्या होत्या.

मी भांडले नाही. मामांनी सांगितलं म्हणून, आणि भांडायची हिंमत होईना म्हणूनही. मायला फोनवर एवढंच सांगितलं, की पोहे खाऊन गेलेले पाहुणे माझ्या नोकरीच्या चौकशीला आले होते. माय म्हणाली, "बया! पन त्यानला आवडले ना पोहे?" दादांच्या कानावरही ते गेलं. पाहुणे बौद्ध होते, हेही गावात कळायचं राहिलं नाही. असल्या गोष्टी आमच्या गावात फार दिवस झाकून राहत नाहीत. दादा कशावरच काही बोलले नाहीत. मी नोकरी करते म्हणून सांगत, पण कसली, कशाच्या जोरावर, ते सांगत नसत. पुढे कितीदा मी म्हटलं, लातूरला या, मामांना भेटू, तर "गाडी लागती मला" म्हणत. जन्मभर बाजारच्या गाड्यांनी फिरलेला माणूस! झालेल्या खोट्याची लाज होती, की मामांच्या घरी जायचा संकोच होता, की दोन्ही, मला ठरवता येईना. विचारायचं धाडस मी केलं नाही.

मामांनीही दादांचा विषय कधी काढला नाही. एका दुपारी डबा खाताना मीच त्यांना विचारलं होतं, की तुम्ही आधी पाणीच का मागता? त्यांनी भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "पोलिसात व्हतो तवा लई घरी भायेर उभं केलं. आडनाव सांगितलं की आंगनात. मंग मी आडनाव सांगायचंच सोडलं. पानी मागायचं. कसं देतेत, कुटं बसवून देतेत, त्येच्यात निम्मी तस्दीक व्हती." मग हसून म्हणाले, "तुमच्या घरी ताटलीवर दिल्तं."  दादांनी ते पाणी स्थळाकडचा पाव्हणा म्हणून दिलं होतं, मामांचं आडनाव कळून नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मामांनी माझ्या डब्यातली भेंडी मागून घेतली आणि विषय बदलला.

माझं लग्न झालं. नवरा उदगीरचा, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, बी.ए. माझ्या शिक्षणाचं त्याला ओझं नाही. उलट दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो मी सूक्ष्मजीव पाळते असं सांगतो. लग्नाची पत्रिका दादांनी छापून घेतली होती. आमच्याकडे पत्रिकेत नावापुढं शिक्षण घालतात, नुसता आयटीआय असला तरी. जावयाच्या नावापुढं बी.ए. होतं. माझ्या नावापुढं काही नव्हतं. पत्रिका मामांना द्यायला गेले तेव्हा त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "कागद चांगला लावलाय." लग्नाला ते आणि मामी आले. गर्दीत दादांना त्यांनी नमस्कार केला, दादांनीही केला, आणि दादा लगेच वाढप्यांवर ओरडायला निघून गेले.

मग चौकशी संगणकावर गेली. प्रमाणपत्राचा क्रमांक टाकला की पडद्यावर हिरवी खूण येते, डिग्री खरी. मामांना मी ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी वाकून नीट पाहिलं. "बेगीन व्हतंय काम," म्हणाले, "चांगलं हाय." मग थोड्या वेळानं, "बाजाराचा वार इचारतंय का पन?" नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. त्यांचेही गुडघे जीपमध्ये चढताना कुरकुर करू लागले होते. त्यांनी काम सोडलं आणि निलंग्याकडच्या आपल्या गावी राहायला गेले. आम्ही सगळे त्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. गुडघ्यावर कुणाचं तरी लेकरू घेऊन ते गेले.

यंदा दिवाळीला मी माहेरी होते. परतायच्या आदल्या दिवशी म्हटलं, जाता जाता मामांना भेटणार आहे. दादा गोठ्यापाशी होते. वैरण टाकत राहिले. सकाळी बघते तर धुतलेला सदरा घालून, हातात केळ्यांची पिशवी घेऊन ते गाडीपाशी उभे. माय माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, विचारू नको. मी विचारलं नाही. एवढ्या लांबच्या रस्त्यात त्यांना गाडीही लागली नाही.

मामांचं घर साधं, स्वच्छ. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या दोन बाजूंना काचेच्या चौकटीत दोन पदव्या. एक थोरल्या मुलीची, ती नर्स आहे. एक धाकटीची, ती कॉलेजात शिकवते. दादा बसले आणि त्यांची नजर त्या भिंतीवर गेली, ती तिथून हलेना. मामींनी पाणी आणलं, ताटलीवर. दादांनी ग्लास उचलला. मामा समोर बसून होते. मान हलवून त्यांनी दादांना नमस्कार केला होता, त्यानंतर एक शब्द नाही.

दादांनी एक घोट घेतला. ग्लासात पाहिलं. दुसरा घेतला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मामांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. दादांनी सगळा ग्लास रिकामा केला, पंच्यानं तोंड पुसलं आणि भिंतीकडेच बघत म्हणाले, "मी तुमाला बारावी म्हनलो व्हतो."

"हाव," मामा म्हणाले.

"एम.एस्सी. हाय ती. फस्ट क्लास." दादांनी भिंतीवरची नजर मामांकडे वळवली. "पेढे बी वाटले न्हाईत मी."

मला वर बघवेना.  मग मामांनी आतल्या दाराकडे मान वळवून हाक दिली, "आवो, पाव्हन्यांला पोहे करा. तस्दीक झाली." आणि दादांनी रिकामा ग्लास पुढं करून मामींना म्हटलं, "वैनी, आनखी थोडं पानी द्या."